तोकुकाकांच्या एकतीस नळ्या

आमच्या हिमेदा गावात तोकुकाका जिबिकींबद्दल एक खोटी गोष्ट पसरली आहे, ती आधी खोडून काढते. ते म्हणे जमिनीला कान लावून पाणी ऐकायचे. एका वर्तमानपत्रवाल्यानं हे फोटोसकट छापलं आणि तेव्हापासून शाळेतली मुलं निबंधातसुद्धा तेच लिहितात. काका कानानं काही ऐकत नसत. त्यांचा उजवा कान पन्नाशीतच गेला होता आणि डावा, बायको बोलायला लागली की जायचा. ते हातानं ऐकायचे.

आमच्याकडची विहीर म्हणजे जेमतेम वीतभर रुंदीचं खोल भोक. बांबूच्या लांब पट्ट्या एकापुढे एक जोडायच्या, टोकाला लोखंडी नळी बसवायची आणि ती आपटत आपटत खाली न्यायची. इंजिन वगैरे काही नाही. एक लाकडी मनोरा, तीन माणसं, आणि पट्टी गुंडाळायला एक भलंमोठं चाक, ज्याच्या आत शिरून एकानं चालत राहायचं. काकांच्या घरात हे काम चार पिढ्या चाललं. काका पट्टीवर तळवा ठेवून उभे राहायचे आणि सांगायचे, "आता चिकणमाती. आता वाळू. गोटे लागले, दमानं घ्या." खालून माती वर आली की तेच निघायचं. हे मी कौतुकानं सांगत नाही. मला त्याचा राग यायचा. मी नगर कार्यालयाच्या पर्यावरण विभागात पाण्याचे नमुने तपासणारी बाई. आमच्याकडे यंत्रं होती, तक्ते होते, आणि हा म्हातारा नुसता हात लावून आमच्या आधी उत्तर सांगून मोकळा व्हायचा.

आमच्या परसातली विहीर त्यांनीच खोदली होती. मी तेव्हा पाच वर्षांची होते, म्हणून भर कार्यालयातसुद्धा ते मला "कियो, पोरी" अशीच हाक मारत. इसोबेबाई म्हणा, असं मी शंभरदा सांगितलं असेल. तेव्हा नेमका डावा कान जायचा.

१९९० साली आमच्या गावाचं पाणी नासलं. टेकडीवर नळाच्या तोट्या बनवायचा एक कारखाना होता. तोट्यांवरचं तेल काढायला ते एक द्रावण वापरत, त्याला सगळे तोरिकुरेन म्हणत. वापरून झालेलं द्रावण कित्येक वर्षं कारखान्यामागच्या खड्ड्यात जात होतं आणि खड्ड्यातून जमिनीत. ते उतरत उतरत खालच्या गल्लीतल्या विहिरींपर्यंत पोचलं. नमुने मीच घेतले होते. निकाल आला तो मर्यादेच्या चौदापट. मी तो कागद तीनदा वाचला आणि मग स्वच्छतागृहात जाऊन रडले, कारण त्या गल्लीतलं पाणी मी जन्मापासून पीत होते. कारखान्याच्या मालकांनी कंबरेत वाकून माफी मागितली, भरपाई दिली आणि कारखान्याला टाळं लावलं. पाणी होतं तसंच राहिलं.

एकतीस विहिरी बुजवायचा हुकूम निघाला. तळापासून वाळू भरायची, वर सिमेंटचं बूच मारायचं, आत काहीही पोकळ राहता कामा नये. काम तोकुकाकांनाच दिलं, कारण कुठली विहीर किती खोल ते त्यांच्याशिवाय कोणाला माहीत होतं? आणि प्रत्येक विहिरीपाशी उभं राहून, "पूर्ण बंद केली" या दाखल्यावर शिक्का मारायचं काम माझ्याकडे आलं.

पहिली विहीर मित्सुएमावशी आसोंची. मावशींचं टोफूचं दुकान. टोफू म्हणजे सोयाबीन आणि पाणी, त्यातही पाणीच जास्त. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. मावशी तेव्हा एकोणसाठ वर्षांच्या, दुकान एकट्या चालवत होत्या. काकांनी विहिरीत मीठ टाकलं, साके म्हणजे तांदळाची दारू ओतली, दोन टाळ्या वाजवून हात जोडले. मग गाडीवरून त्यांनी एक बारीक बांबू काढला. आतल्या गाठी फोडून आरपार पोकळ केलेला, एकात एक जोडून पार तळापर्यंत जाईल एवढा.

"कियो, पोरी," ते म्हणाले, "त्या संत्र्याच्या झाडाला किती फळं लागलीत, जरा मोज बघू."

"काका, नियमात स्पष्ट लिहिलंय की..."

"मोज ना. मला म्हातारपणी दिसत नाही."

मी पाठ फिरवली आणि मोजली. बासष्ट होती.

आमच्या भागात विहीर बुजवताना तिच्या श्वासासाठी नळी ठेवतात. नाही ठेवली तर आतला देव गुदमरतो आणि त्या घरात कोणीतरी अंथरूण धरतं. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे आणि असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी एकतीस घरांत मी एकतीस वेळा काही ना काही मोजत बसले: कोबीचे गड्डे, कौलं, वाळत घातलेले मोजे. काकांनी नळ्यांची तोंडं कुठे पालथ्या कुंडीखाली, कुठे दगडाआड लपवली. आणि मी "पूर्ण बंद" या शब्दांखाली शिक्का मारत गेले. मित्सुएमावशींच्या दाखल्यावर शिक्का तिरका उमटला. तो आजही फाइलमध्ये तसाच आहे.

सिमेंट ओतून झाल्यावर मावशींनी विचारलं, "परत कधी उघडणार?"

काका हात पुसत म्हणाले, "मी बंद केलीय, मीच उघडीन."

"म्हणजे तोवर तुम्हाला मरता येणार नाही."

"तुलाही नाही. उघडून काय मी एकट्यानं टोफू खाऊ?"

त्यानंतर मावशी नळाच्या पाण्याचा टोफू करू लागल्या. तो वाईट नव्हता, पण त्याला चव म्हणून नव्हती. तळहातावर लादी कापून गिऱ्हाइकाच्या भांड्यात सोडताना मावशी हळूच "माफ करा" म्हणायच्या. गिऱ्हाइकं "अहो, छान असतो" म्हणायची, आणि ते ऐकून मावशींचा चेहरा आणखीच पडायचा.

आठ वर्षं अशी गेली. मग विद्यापीठातून डॉक्टर कुरामोची आले. चाळिशीच्या आतले, काडीसारखे बारीक, बोलताना सारखा चष्मा वर ढकलायचे. त्यांनी समाजमंदिरात सभा घेतली.

"मिथेन खाणारे जंतू असतात," ते म्हणाले. "भाताच्या खाचरांत, तळ्यांच्या गाळात, सगळीकडे. मिथेन फोडायला त्यांच्या अंगात एक प्रकारची कात्री असते. गंमत म्हणजे ती कात्री फार चोखंदळ नाही. मिथेन कापता कापता शेजारी आलेलं तोरिकुरेनसुद्धा ती कापून टाकते. जंतूंना त्यातून काही मिळत नाही, पण विष मात्र संपतं."

मित्सुएमावशी मागून म्हणाल्या, "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखे. जेवायला बसले की समोर येईल ते संपवायचं, भूक असो नसो."

सभा हसली. कुरामोचींनी तेही वहीत लिहून घेतलं.

तोकुकाका उठले. "डॉक्टर, तुमचे हे जंतू बाहेरून आणणार?"

"नाही. ते इथेच आहेत. तुमच्या डोंगराखाली गॅस आहे, म्हणून तर मी हे गाव निवडलं. फक्त त्यांना खाली, विष आहे तिथे, पोटभर जेवायला घालायचं. हवेत थोडा मिथेन मिसळून ती वाळूच्या थरात सोडायची."

"मग होणार," काका म्हणाले आणि खाली बसले.

"तुम्हाला एवढी खात्री?" कुरामोचींना ही अपेक्षा नसावी. आतापर्यंतच्या प्रत्येक गावात त्यांना तास तास वाद घालावा लागला होता.

"अहो, माझ्या न्हाणीघराचं पाणी चाळीस वर्षं मी खोदलेल्या विहिरीतल्या गॅसवर तापतंय. आमच्या चिखलात काडी लावली तर बुडबुडा पेटतो. एवढं अन्न पडलेलं असताना खाणारं कोणी नसेल होय? मला आधीपासून संशय होता."

त्या दिवसापासून काका त्यांना जंतूवाले डॉक्टर म्हणायला लागले.

काम सुरू झालं. कारखान्याच्या बाजूला आणि खालच्या गल्लीत अशा चार ठिकाणी नळ घालून हवा आत सोडायला लागले. हवेत शंभरात चार भाग मिथेन. पाचच्या वर गेला तर पेटू शकतो, म्हणून चार. मी दर मंगळवारी नमुने घ्यायची. टेकडीकडचे आकडे उन्हाळ्यातच उतरायला लागले आणि हिवाळ्यापर्यंत चौथाईवर आले. मी आकडा लिहिताना पेन्सिल जोरात दाबायची, इतका आनंद व्हायचा. खालच्या गल्लीत मात्र ढिम्म काही हललं नाही. जंतू होते, पण उपाशी. दिलेला मिथेन त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. कुरामोचींनी यंत्र बदललं, दाब वाढवला, रात्रंदिवस गणितं केली. त्यांचा चष्मा नाकावरून घसरायचा आणि तो वर ढकलायचंही त्यांना सुचत नसे.

वीस मार्चला प्रांताच्या समितीची बैठक होती. खालच्या गल्लीचे आकडे तोवर उतरले नाहीत तर प्रयोग बंद, आणि विहिरी तळापर्यंत सिमेंट भरून कायमच्या संपवायच्या, असं पत्र आलं. मित्सुएमावशींनी ते माझ्याकडून वाचून घेतलं.

"मुलगा शहरात बोलावतोय," त्या म्हणाल्या. "पाणी परत येणार असेल तर मी थांबते. नाही तर एप्रिलमध्ये दुकान बंद. आठ वर्षं लोकांची माफी मागत टोफू विकला. आता पुरे."

हे काकांच्या कानावर घालायचं माझ्या जिवावर आलं होतं. घातलं. ते सायकल काढून निघून गेले.

नव्या वर्षाच्या सकाळी मी आणि काका नेहमी मावशींकडे मोचीचं, म्हणजे कुटलेल्या भाताच्या गोळ्यांचं, सूप प्यायला जायचो. त्या वर्षीही गेलो. मावशी परसात होत्या. बुजवलेल्या विहिरीपाशी त्यांनी नेमानं संत्रं आणि मोची ठेवली होती आणि मेणबत्ती लावत होत्या. अंगणात पानसुद्धा हलत नव्हतं. मेणबत्ती लागली आणि विझली. परत लावली, परत विझली. तिसऱ्यांदा मावशींनी तळहाताचा आडोसा केला, तरी विझली.

मावशी रडवेल्या झाल्या. "देव रागावलाय. त्याच्या अंगावर जंतू सोडलेत ना तुम्ही लोकांनी."

"बाजूला हो," काका म्हणाले. गुडघे टेकले, पालथी कुंडी उचलली आणि त्या बांबूच्या तोंडावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. विहीर खोदताना पट्टीवर ठेवायचे तसाच.

"रागावला नाहीये," ते म्हणाले. "पण एवढ्या जोरात श्वास टाकतोय जसा काही डोंगर चढून आलाय." मग ते एकदम थांबले. माझ्याकडे वळून बघितलं. "कियो, पोरी, आपण दोघं गाढव आहोत."

मला समजायला त्यांच्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागला, आणि समजलं तेव्हा पाचावर धारण बसली. कुरामोचींनी जमिनीत सोडलेली हवा वाळूत पसरायच्या आधीच आमच्या नळ्यांना सापडत होती आणि सरळ आभाळात निघून जात होती. टेकडीकडे घरं नव्हती म्हणून विहिरी नव्हत्या, विहिरी नव्हत्या म्हणून नळ्या नव्हत्या. म्हणून तिथे जंतू जेवत होते. इथे त्यांच्या ताटातलं आम्ही एकतीस तोंडांनी बाहेर फुंकून देत होतो.

त्या दिवशी काकांना मी पहिल्यांदा मान खाली घालून चालताना बघितलं. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटली. एकतीस दाखल्यांवर माझा शिक्का होता. सूप कोणीच प्यायलं नाही.

चार तारखेला कार्यालय उघडलं. मी रात्री मनाशी तीन वेगवेगळी खोटी कारणं रचून ठेवली होती. काका माझ्या आधी दारात हजर. ताठ उभे, स्वच्छ शर्ट, हातात टोपी.

"काका, काय बोलायचं ते आधी ठरवूया," मी म्हटलं.

"ठरवायचं काय त्यात? नळ्या मी ठेवल्या. तू संत्री मोजत होतीस."

आमचे विभागप्रमुख आणि कुरामोची दोघंही आत होते. काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एकतीस घरं, एकतीस नळ्या. कुरामोची बाकावर मटकन बसले.

"नऊ महिने," ते म्हणाले. "नऊ महिने मी गणित मांडतोय! मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. बायकोशी बोलत नाही मी. झोपेत आकडे म्हणतो."

विभागप्रमुख लाल झाले. "हुकूम होता! पोकळ काही ठेवायचं नाही असा लेखी हुकूम! इसोबेबाई, तुम्ही तिथे उभ्या होता ना?"

"होते," मी म्हटलं. "मला माहीत होतं." तीन कारणांपैकी एकही आठवलं नाही.

"असा अडाणीपणा! एकाही घरानं तक्रार केली नाही?"

काका शांतपणे म्हणाले, "साहेब, सतरावी नळी तुमच्या आईच्या परसात आहे. त्यांनीच मला दाराशी अडवलं होतं. नळी ठेवणार असशील तरच आत ये, म्हणाल्या."

विभागप्रमुख खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना तिथे काय मोजायचं होतं कोण जाणे.

कुरामोचींनी अचानक चष्मा वर ढकलला. "थांबा. त्या नळ्या कुठपर्यंत जातात?"

"तळापर्यंत. नाही तर श्वास कसला?"

"एकतीस नळ्या? विषाच्या थरापर्यंत? आणि कुठे कुठे आहेत ते तुम्हाला माहीत आहे?" ते उभे राहिले. "अहो, नमुन्यासाठी असं एक भोक पाडायला परवानगी मिळवताना माझं अर्धं वर्ष जातं!"

"बुजवून टाकायच्या का?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"खबरदार बुजवाल तर!" कुरामोची म्हणाले. एवढ्या मोठ्यानं बोलताना त्यांना मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

उपाय काकांनीच सांगितला. त्यांच्या घरच्या गॅसच्या विहिरीवर पितळी कॉक होता. तसा एकेक कॉक प्रत्येक नळीवर बसवायचा. कॉक बंद केला की हवा आतच राहणार आणि पसरणार. कुरामोचींना तो बंदच हवा होता. आणि गल्लीला तो उघडाच हवा होता.

समाजमंदिरात परत सभा झाली आणि मित्सुएमावशी सगळ्यांत आधी उठल्या. "श्वास कोंडायचा? माझ्या घरात माणूस मरेल!"

"कोण मरेल? घरात तू एकटीच आहेस."

"मग मी मरेन!"

"तुला मरता येत नाही. आपलं ठरलंय ना." काका कुरामोचींकडे वळले. "डॉक्टर, तुमच्या यंत्राला सुट्टी असते का?"

"असावी लागते," कुरामोची म्हणाले. "हवा सारखी सोडली तर वाळूत तिच्या वाटा पडतात आणि मग ती तेवढ्या वाटांनीच पळते. आठवड्यातून एक दिवस यंत्र थांबवायला हवंच. मी करत नव्हतो, कारण घाई झाली होती."

"मग रविवारी यंत्र बंद आणि कॉक उघडे. सहा दिवस जंतू जेवतील, सातव्या दिवशी देव श्वास घेईल. मी सहा दिवस श्वास कोंडून काम केलंय आयुष्यभर. मला काही झालं नाही."

मावशींनी बोटांवर सहा दिवस मोजले. मग म्हणाल्या, "रविवारी सकाळी किती वाजता?"

"सहा."

"पाच," मावशी म्हणाल्या, आणि सभा संपली.

एकतीसपैकी अठ्ठावीस नळ्या काकांनी दोन दिवसांत दाखवल्या. तीन सापडेनात. आठ-नऊ वर्षांत एका घराच्या जागी न्हाव्याचं सायकलचं छप्पर उभं राहिलं होतं, एक घर पडलं होतं आणि एका परसावर डांबर ओतून गाड्या लावायची जागा केली होती. कुरामोची धातू शोधायचं यंत्र घेऊन आले तेव्हा काकांनी त्यांना विचारलं, "बांबू धातूचा कधीपासून झाला?" मग जानेवारीच्या कडाक्यात, दंव पडलेल्या सकाळी काका फिरायला लागले. जमिनीखालची हवा वरच्यापेक्षा उबदार असते. ती जिथून निघते तिथे दंव धरत नाही. न्हाव्याच्या छपराखालची नळी पहिल्या सकाळी सापडली. पडक्या घराची तिसऱ्या सकाळी.

डांबराखालची राहिली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस त्या गाड्यांच्या मधून हातापायांवर रांगत होता, भेगेभेगेवर तळवा ठेवत. कामावर निघालेले लोक भोंगे वाजवत होते. मी त्यांच्यामागे उभी राहून, "माफ करा, जरा थांबा, विहीर शोधतायत" असं ओरडत होते. एका भेगेपाशी काका थांबले आणि दोन्ही तळवे टेकून खाली वाकले. तेवढ्यात वर्तमानपत्रवाल्यानं फोटो काढला. ती कानाची गोष्ट तिथून निघाली.

शेवटचा कॉक एकोणतीस जानेवारीला बसला. पहिल्या मंगळवारी आकडा हलला नाही. दुसऱ्या मंगळवारी नाही. तिसऱ्या मंगळवारी मी बाटली उघडायच्या आधीच काका दारात येऊन बसले.

"उतरणार," म्हणाले.

"तुम्ही काय नळीवर हात ठेवून आलात?"

"हो. आता ओढ लागलीय आत. खातायत."

असं काही हाताला कळू शकत नाही, हे मी त्यांना समजावत होते. तेवढ्यात यंत्रानं आकडा दिला. एकदशांश उतरला होता. मी काकांकडे न बघता तो लिहिला, कारण त्यांचा तो चेहरा बघायची माझी तयारी नव्हती. वीस मार्चला समितीसमोर खालच्या गल्लीचे आकडे निम्म्यावर होते. प्रयोग चालू ठेवायचा, असं ठरलं. अहवालात कुरामोचींनी आमच्या नळ्यांचा उल्लेख "आधीपासून उपलब्ध असलेली निरीक्षण व्यवस्था" असा केला. विभागप्रमुखांनी तो न वाचता सही केली, आणि आईला फोन करायला उठले. माझ्यावर कारवाई झाली नाही. दाखल्यांचं नंतर बघू, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

मावशींनी एप्रिलमध्ये दुकान बंद केलं नाही.

त्यापुढची चार वर्षं दर रविवारी पाच वाजता खालच्या गल्लीत एकतीस कॉक उघडायचे आणि काका सायकलवरून फेरी मारून हात लावून बघायचे. कोणी झोपून राहिलं की ते दारावर थापा मारायचे, "ऊठ रे, तुझा देव गुदमरतोय!" ज्या वर्षी आकडे मर्यादेखाली आले, त्यानंतर आणखी सलग सहा वेळा तपासायचे होते. मी बारा वेळा तपासले. माझ्या एका शिक्क्यानं आधीच एवढं केलं होतं, आता मला घाई नव्हती.

२००३ च्या मे महिन्यात मावशींची विहीर उघडायला घेतली. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. यंत्रानं काम अर्ध्या दिवसात झालं असतं, पण काकांनी परसात मनोरा उभा केला, पट्ट्या जोडल्या आणि पेटीवर बसून पट्टीवर तळवा ठेवला. चाकाच्या आत चालायला माणूस हवा होता. कुरामोची खास सुट्टी काढून आले होते.

"डॉक्टर, जरा पाय उचला की. जंतू तुमच्यापेक्षा जोरात चालतात."

"जंतू चालत नाहीत," कुरामोची चाकातून धापा टाकत म्हणाले.

"बघा, तरी तुमच्या पुढे आहेत."

तिसऱ्या दिवशी सगळी वाळू निघाली, पाणी वर आलं. सहा आठवडे मी ते तपासत राहिले. जुलैच्या पहिल्या शुक्रवारी मी हो म्हटलं, आणि मावशींनी लाकडी पळी भरून घेतली. एक घोट तोंडात धरला. सगळी गल्ली परसात उभी होती आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मावशींनी घोट गिळला.

"हो," त्या म्हणाल्या. "हेच." मग काकांवर वळल्या. "तेरा वर्षं लावलीत!" आणि मळक्या ॲप्रननं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तळहातावर पहिली लादी कापली आणि काकांच्या भांड्यात सोडली. माफ करा म्हणाल्या नाहीत. काकांनी सोया सॉस न घालता, दारातच उभ्या उभ्या ती खाल्ली आणि भांडं परत पुढे केलं.

मी फाइल घेऊन आले होते. विहीर पुन्हा सुरू करताना जुना दाखला जोडावा लागतो. तिरक्या शिक्क्याचा तो कागद काकांनी चष्मा लावून वाचला. "पूर्ण बंद केली" वर बोट ठेवलं.

"हे खोटं आहे, पोरी. हे खोडून टाक. बंद कधी केली होती आपण?"

मी पट्टी ठेवून त्या तीन शब्दांवर रेघ मारली आणि वर लिहिलं: श्वासाची नळी ठेवली होती. सरकारी कागदावर खाडाखोड केली की शेजारी स्वतःचा शिक्का मारावा लागतो. मी तो टोफूच्या ओल्या फळीवर कागद ठेवून मारला, आणि या वेळी तो सरळ उमटला.